डॉक्टर, ‘कोणती ओढता?’ हेही विचारा

प्रति,
सर्व डॉक्टर, दंतवैद्य आणि परिचारिका यांना

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तपासणीच्या कागदावर धूम्रपानाची एक ओळ असते. रुग्ण ‘हो, ओढतो’ म्हणतो, तुम्ही ‘सोडायला हवी’ म्हणता, आणि पुढचा प्रश्न झोपेचा किंवा भुकेचा येतो. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम आहे. माझ्यापर्यंत पोहोचणारी बहुतेक माणसं त्याआधी कुठल्या ना कुठल्या डॉक्टरांना भेटलेली असतात, काही तर वर्षानुवर्षं भेटत असतात. पण सिगारेट कोणती ओढता, तीच का निवडली, आणि याआधी सोडायला गेलात तेव्हा नेमकं काय झालं, हे त्यांना क्वचितच कुणी विचारलेलं असतं. हे तीन प्रश्न तुमच्या तपासणीत यावेत म्हणून हे पत्र लिहिते आहे. सगळ्याच धूम्रपान करणाऱ्यांसाठी ते हवेत, पण मेंथॉल सिगारेट, म्हणजे पुदिन्यासारखा गारवा देणारं मेंथॉल घातलेली सिगारेट, ओढणाऱ्यांच्या बाबतीत ते न विचारल्यानं फार मोठं नुकसान होतं.

मेंथॉल ओढणारा माणूस तुमच्यासमोर बसतो तेव्हा त्याच्या मनात एक बचाव तयार असतो. तो स्वतःहून बोलत नाही, कारण तुम्ही रागवाल असं त्याला वाटतं. माझ्यासमोर मात्र तो मोकळेपणानं बोलतो. “मी साधी ओढतच नाही, मिंटची ओढतो.” “घशाला लागत नाही हो ही.” “सर्दी झाली की मी मेंथॉलवर येते, बरी झाले की पुन्हा नेहमीची.” “आधी सकाळी खोकला यायचा, ही सुरू केल्यापासून कमी झाला.” “छाती मोकळी होते.” ही वाक्यं शिकल्या-सवरल्या लोकांची आहेत. धूम्रपानानं कर्करोग होतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आपली सिगारेट त्या वाक्यात बसत नाही, एवढीच त्यांची समजूत असते. ‘धूम्रपान वाईट’ असं तुम्ही म्हणता तेव्हा ते मान हलवतात आणि मनातल्या मनात स्वतःला त्यातून वगळतात.

ही समजूत मूर्खपणातून आलेली नाही, हे आधी मान्य करायला हवं. ती थेट शरीराच्या अनुभवातून आलेली आहे. झुरका घेतल्यावर घशात गारवा खरोखरच जाणवतो. तुम्हाला यामागचं कारण माहीत असेलच, पण पत्र खुलं असल्यामुळे थोडं सविस्तर सांगते. आपल्या त्वचेतल्या, तोंडातल्या आणि श्वसनमार्गातल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारा एक रिसेप्टर असतो, त्याचं नाव टीआरपीएम-8. तापमान खरोखर उतरलं की तो जागा होतो, आणि मेंथॉलचा रेणू लागला तरीही जागा होतो. मेंदूला दोन्हींतला फरक कळत नाही. डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पाटापूटियन या दोन शास्त्रज्ञांच्या चमूंनी हा रिसेप्टर स्वतंत्रपणे शोधला, आणि तापमान व स्पर्श ओळखणाऱ्या रिसेप्टरांवरच्या कामासाठी दोघांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे गारवा जाणवतो हे खरं आहे. धूर मात्र तितकाच तापलेला असतो.

‘छाती मोकळी होते’ या वाक्याचंही तसंच. मेंथॉल हुंगल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण नाकातून जाणारी हवा मोजली तर अडथळा होता तेवढाच राहिलेला दिसतो. श्वास सोपा झाल्याची जाणीव होते, श्वास सोपा होत नाही. दुखऱ्या दाताला भूल दिली की ठणका थांबतो, कीड आतल्या आत चालूच राहते. मेंथॉलच्या सिगारेटमध्ये हेच घशाच्या आणि फुप्फुसाच्या बाबतीत घडतं. धूर झोंबणं, ठसका लागणं, खोकला येणं हे शरीराचे इशारे असतात. पहिल्यांदा सिगारेट ओढणाऱ्या माणसाला जो ठसका लागतो, त्यानं कितीतरी जण तिथल्या तिथे थांबतात. मेंथॉल हा ठसका दाबून टाकतं. म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्या कोवळ्या वयातल्या मुलांना ती सोपी जाते, आणि जुन्या माणसांना आपलं काही बिघडत नाहीये असा भास होत राहतो.

धुरात मात्र काहीही बदललेलं नसतं. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं असतात, त्यांपैकी सत्तरच्या आसपास कर्करोगाशी निगडित आहेत. डांबर तेच, कार्बन मोनॉक्साइड तोच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2013 मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. मेंथॉल सिगारेट साध्या सिगारेटपेक्षा कमी किंवा जास्त विषारी असल्याचा फारसा पुरावा त्यांना दिसला नाही. पण मेंथॉलमुळे तरुण वयात सुरुवात होण्याची, व्यसन घट्ट होण्याची आणि सोडण्याचा प्रयत्न फसण्याची शक्यता वाढते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा दुसरा भाग माझ्या कामाचा आहे आणि तुमच्याही. विष तेवढंच, सुटका मात्र जास्त अवघड.

ही समजूत जोपासली कुणी, हेही सांगायला हवं, कारण त्यात तुमच्या व्यवसायाचं नाव वापरलं गेलेलं आहे. मेंथॉल सिगारेटचं पेटंट अमेरिकेतल्या लॉइड ह्यूजेस नावाच्या माणसाला 1925 मध्ये मिळालं. त्याआधीपासून मेंथॉल लोकांना माहीत होतं ते औषध म्हणून. सर्दीच्या बाममध्ये, घशाच्या गोळ्यांमध्ये, वाफाऱ्यात ते असायचं. कंपन्यांनी ती ओळख उचलली. 1933 मध्ये बाजारात आलेल्या ‘कूल’ या सिगारेटच्या जाहिरातींत घशाला विश्रांती देण्याची भाषा होती, सर्दीत ओढायची सिगारेट म्हणूनही ती विकली गेली. 1956 मध्ये ‘सेलम’ ही फिल्टर असलेली मेंथॉल सिगारेट आली, आणि जाहिरातींत हिरवीगार कुरणं, झरे आणि मोकळी हवा आली. याच काळात साध्या सिगारेटींच्या जाहिरातींत पांढऱ्या कोटातले डॉक्टर दिसत होते. 1946 पासून ‘कॅमल’ची एक जाहिरात सांगत होती की इतर कुठल्याही सिगारेटपेक्षा अधिक डॉक्टर कॅमल ओढतात. सर्दी झाल्यावर मेंथॉलकडे वळणारी आजची बाई त्या जाहिराती पाहून वळलेली नाही, तिनं त्या कधी पाहिल्याही नसतील. पण सिगारेट आणि औषध यांची जी सांगड तेव्हा घातली गेली, तिच्यातूनच ती वागते आहे. ती सांगड तोडायचा अधिकार तुमच्याकडे आहे, कारण औषध कशाला म्हणायचं हे लोक तुमच्याकडून ऐकतात.

एक उलटी समजूतही मला वरचेवर भेटते, आणि तिच्याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. मेंथॉल सिगारेटमध्ये काचेचे बारीक कण असतात, ते घशाला ओरखडे काढतात आणि म्हणून ती जास्त घातक असते, अशी ती अफवा. कुणी सांगतं की मेंथॉलचे खडे फुप्फुसात साचतात. कुणी म्हणतं की त्यानं पुरुषत्व जातं. काचेच्या कणांमध्ये तथ्य नाही. फिल्टरमधले जे पांढरे तंतू लोकांना दिसतात, ते सेल्युलोज ॲसिटेटचे असतात आणि साध्या सिगारेटच्या फिल्टरमध्येही तेच असतात. फुप्फुसात खडे साचत नाहीत. पुरुषत्वाचं म्हणाल तर रक्तवाहिन्या खराब करून लैंगिक ताकदीवर परिणाम करण्याचं काम कुठलीही सिगारेट करते, त्याला मेंथॉल लागत नाही. या अफवांनी माणूस घाबरतो हे खरं, पण घाबरून तो सिगारेट सोडत नाही, मेंथॉलवरून साध्यावर जातो. आपण आरोग्यासाठी काहीतरी मोठं केलं असं समाधान त्याला मिळतं, आणि पुढची काही वर्षं तो सोडण्याचा विचार पुढे ढकलतो. मेंथॉल सुरक्षित असं मानणारा आणि मेंथॉल सर्वांत घातक असं मानणारा, दोघंही सिगारेट बदलतात आणि ओढत राहतात. ‘लाइट’ सिगारेटींनी पूर्वी हेच केलं होतं. त्यांच्या फिल्टरवरच्या बारीक छिद्रांमुळे यंत्रावर डांबर कमी मोजलं जायचं, पण माणसं खोल झुरके घेऊन, जास्त वेळा ओढून, बोटांनी आणि ओठांनी छिद्रं झाकून आपल्याला हवं तेवढं निकोटिन मिळवायची.

‘कोणती ओढता?’ असं विचारलंत की या सगळ्या समजुती समोर येतात. ‘मिंटची’ असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: तीच का? मग जे उत्तर येईल ते मध्येच न तोडता ऐका. ‘घशाला बरी वाटते’ असं कुणी म्हणालं, तर ‘तसं काही नसतं’ म्हणू नका. त्याला तसं खरंच वाटतं, त्यामुळे तुमचं बोलणं त्याच्या अनुभवाशी भांडू लागेल आणि हरेल. गारवा खरा आहे हे मान्य करा, आणि तो गारवा काय झाकतो आहे ते सांगा. माझा अनुभव असा आहे की ही एक गोष्ट नीट कळली की माणसं गप्प होतात. पहिल्यांदाच त्यांची सिगारेट त्या ‘धूम्रपान वाईट’ या वाक्यात येऊन बसते.

दिवसाला किती ओढता, हा आकडा तुम्ही विचारता आणि लिहूनही ठेवता. त्यावर फार विसंबू नका. मेंथॉल ओढणारे बरेच जण दिवसाला तुलनेनं कमी सिगारेटी ओढतात आणि तरीही त्यांना सोडणं जास्त जड जातं. यामागे काही कारणं असू शकतात. मेंथॉलमुळे निकोटिनचं शरीरातलं विघटन मंदावतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. शिवाय धूर बोचत नसल्यानं एकेका सिगारेटमधून पुरेपूर निकोटिन घेणं सोपं जातं. आणि प्रत्येक झुरक्याबरोबरचा गारवा स्वतःच एक खूण होऊन बसतो. मेंदू त्या गारव्याची आणि पाठोपाठ येणाऱ्या निकोटिनची जोडी लावून ठेवतो. झुरक्यानंतर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचतं. इतक्या जवळच्या दोन गोष्टींची गाठ घट्ट बसते.

आकड्यापेक्षा एक प्रश्न जास्त कामाचा आहे, आणि तो तुमच्याच शास्त्रानं दिलेला आहे. सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात ओढता? निकोटिनचं व्यसन किती घट्ट आहे हे मोजणाऱ्या फागरस्ट्रॉम चाचणीत सर्वांत जास्त गुण असलेल्या प्रश्नांपैकी हा एक आहे. पाच मिनिटांच्या आत म्हणणाऱ्याचं शरीर रात्रभराच्या निकोटिनच्या उपासानं कासावीस झालेलं असतं. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, त्यामुळे सात-आठ तासांच्या झोपेनंतर रक्तात फारसं काही उरत नाही. असा माणूस दिवसाला सातच ओढत असला तरी त्याला निव्वळ निश्चयावर सोडून देऊ नका. हा प्रश्न विचारायला आणि उत्तर ऐकायला अर्धं मिनिटही लागत नाही.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येते, आणि याबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचं आहे. याआधी सोडायचा प्रयत्न केलात का, आणि तेव्हा काय झालं?

याचं उत्तर देताना लोकांचा आवाज उतरतो. ‘माझ्यात तेवढी ताकद नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते ऐकताना आता दुःखापेक्षा रागच येतो, त्यांचा नव्हे, त्यांना हे वाटायला लावणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या वागण्याचा. कुठलीही मदत न घेता, निव्वळ मनाच्या बळावर सोडायला जाणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर सुटलेले राहतात ते शंभरात तीन ते पाच जण. म्हणजे उरलेले पंचाण्णव-सत्त्याण्णव लोक स्वतःला कमकुवत ठरवतात, एका अशा परीक्षेत, जिथे जवळजवळ सगळेच नापास होतात. ही संख्या तुम्हाला माहीत असते आणि त्यांना नसते. ती त्यांना सांगा. वारंवार प्रयत्न करावे लागणं हाच या व्यसनातून सुटण्याचा नेहमीचा मार्ग आहे, हे डॉक्टरच्या तोंडून ऐकल्यावर ताठ होणारे खांदे मी पाहिले आहेत.

मग तपशील विचारा, कारण फसलेल्या प्रयत्नात पुढच्या प्रयत्नाची सगळी माहिती असते. बहुतेकांनी औषध वापरलेलंच नसतं. ज्यांनी वापरलं, त्यांनी चुकीच्या रीतीनं वापरलेलं असतं, आणि तो दोष त्यांचा नसतो. निकोटिन गमचंच पाहा. लोक ते साध्या च्युइंगगमसारखं भराभर चघळतात. मग निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, घसा जळतो, आणि ‘मला गम सोसत नाही’ असा निकाल लावून ते पाकीट बाजूला ठेवतात. ते हळूहळू चावायचं, चव तिखटसर लागली किंवा झिणझिणलं की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचं, आणि त्याच्या पंधरा मिनिटं आधीपासून कॉफी किंवा आंबट पेय घ्यायचं नाही, हे त्यांना कुणीच सांगितलेलं नसतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला 4 मिलिग्रॅमचं गम लागतं. त्याला 2 मिलिग्रॅमचं दिलं तर ते त्याच्या तलफेला पुरत नाही. त्वचेवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच आणि गम एकत्र वापरले तर एकट्या कशापेक्षाही जास्त उपयोग होतो, हेही फार थोड्यांना माहीत असतं. ‘निकोटिन सोडायला निकोटिनच कशाला?’ असं विचारणारे तर खूप. त्यांना सांगावं लागतं की कर्करोग आणि फुप्फुसाचे आजार प्रामुख्यानं धुरामुळे होतात, पॅच किंवा गममध्ये धूर नसतो.

मेंथॉल ओढणाऱ्यांच्या बाबतीत इथे एक बारीक गोष्ट आहे. निकोटिनचं गम आणि चघळायच्या गोळ्या पुष्कळदा पुदिन्याच्या चवीच्या असतात. काहींना त्या चवीनं आधार मिळतो, गारव्याची ओढ थोडी भागते. काहींना त्याच चवीनं सिगारेटची आठवण उसळून येते. कुणाचं काय होतं ते विचारल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या गटातल्यांना वेगळ्या चवीचं गम सुचवलं की पुष्कळदा गाडी पुढे सरकते.

सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या व्हॅरेनिक्लिन या गोळीबद्दल माझ्यापेक्षा तुम्ही जास्त जाणता. तरी एक विनंती. त्याच्या मानसिक परिणामांच्या भीतीनं ते न देणारे डॉक्टर अजूनही भेटतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ईगल्स’ या मोठ्या चाचणीत मनोविकार असलेले आणि नसलेले असे दोन्ही प्रकारचे रुग्ण घेतले होते. पॅच किंवा औषधविरहित गोळीच्या तुलनेत गंभीर मानसिक त्रास त्यात लक्षणीय वाढलेला दिसला नाही, आणि सुटण्याचं प्रमाण या औषधानं सर्वांत जास्त होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2024 मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी उपचारांची पहिली मार्गदर्शक सूत्रं प्रसिद्ध केली. त्यात व्हॅरेनिक्लिन, निकोटिनची उत्पादनं, ब्युप्रोपिऑन आणि सायटिसिन ही चार औषधं सुचवलेली आहेत. लिहून देताना एवढंच सांगा की ठरलेल्या तारखेच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करायचं, जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं, स्वप्नं जरा ठळक पडतील. मळमळलं म्हणून पहिल्या आठवड्यातच ते बंद करणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा एवढ्यानं मिटते.

सोडल्यानंतरच्या दिवसांबद्दल तर रुग्णांना जवळजवळ काहीच सांगितलं जात नाही, आणि तिथेच मेंथॉलची जुनी समजूत पुन्हा उठून बसते. सिगारेट थांबल्यावर श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा कामाला लागतात, साचलेला कफ वर ढकलतात, आणि काही जणांचा खोकला काही दिवस वाढतो. साध्या सिगारेटवाल्याला हे विचित्र वाटतं. मेंथॉलवाल्याला मात्र हा पुरावाच वाटतो: “बघा, माझी सिगारेट घसा सांभाळत होती, सोडली आणि खोकला सुरू झाला.” तो परत ओढतो, गारवा लागतो, खोकला दबतो, आणि समजूत आधीपेक्षा घट्ट होते. सोडायच्या आधीच तुम्ही ‘खोकला वाढला तर तो फुप्फुस साफ होत असल्याचा असू शकतो, लांबला किंवा रक्त पडलं तर लगेच या’ एवढं सांगितलंत, तर हा फेरा तिथेच तुटतो. तोंडात छाले येतात, पोट साफ होत नाही, चिडचिड होते, झोप उडते. यातलं बरंचसं बहुतेकांचं पहिल्या आठवड्यात टोकाला जातं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. तलफेची एकेक लाट मात्र काही मिनिटांचीच असते.

कॉफीची एक गोष्ट सांगून ठेवा, ती फार कामाला येते. तंबाखूच्या धुरामुळे यकृतात कॅफिनचं विघटन वेगानं होत असतं. धूर थांबला की तेवढ्याच कपांतलं कॅफिन रक्तात जास्त वेळ राहतं. माणसाचे हात थरथरतात, छाती धडधडते, झोप येत नाही, आणि त्याला वाटतं की ही सगळी सिगारेटची मागणी आहे. कॉफी निम्म्यावर आणली की त्यातला बराच त्रास उतरतो. क्लोझापिन, ओलान्झापिन ही मनोविकारांवरची किंवा थिओफायलिन हे दम्यावरचं औषध घेणाऱ्यांच्या बाबतीत हीच गोष्ट गंभीर होते, रक्तातली मात्रा वाढू शकते. ते तुम्हीच बघायचं आहे, आम्हा समुपदेशकांच्या हातात ते नाही. आणि निकोटिनचा पॅच लावला तरी हा बदल होतोच, कारण तो धुरातल्या इतर घटकांमुळे होत असतो.

वजनाची भीती स्त्रियांकडून जास्त ऐकू येते. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं, हे खरं तेवढंच सांगा. लपवलंत तर दोन किलो वाढल्यावर त्या घाबरून परत सुरू करतात.

आणि घसरण. एखादी ओढली गेली की बहुतेक जण ‘झालं, संपलं’ म्हणून पूर्ण पाकिटावर येतात, आणि तुमच्याकडे तोंड दाखवायला लाजतात. पुढच्या भेटीत ते सोडल्याचं खोटं सांगतात किंवा येतच नाहीत. अशा वेळी रागावलेला डॉक्टर म्हणजे कायमचा गमावलेला रुग्ण. घसरण कुठे झाली, कुणासोबत, कशानंतर, किती वाजता, हे दम्याच्या रुग्णाला झटका कधी आला म्हणून विचारता त्याच सुरात विचारा, आणि औषध चालू ठेवायला सांगा.

कायद्यांविषयी थोडक्यात लिहिते. कॅनडानं 2017 मध्ये मेंथॉल सिगारेटींवर देशभर बंदी आणली. ओंटारिओ प्रांतानं त्याच वर्षी आणलेल्या स्वतःच्या बंदीच्या वर्षभरानंतर तिथे पाहणी झाली, तेव्हा रोज मेंथॉल ओढणाऱ्यांपैकी 24 टक्के लोकांनी सोडल्याचं सांगितलं. साधी ओढणाऱ्यांत हे प्रमाण 14 टक्के होतं. युरोपीय संघात 20 मे 2020 पासून बंदी आहे. अमेरिकेत 2009 च्या कायद्यानं बाकी सगळे स्वाद काढले आणि मेंथॉल तेवढं ठेवलं, तेही तिथल्या कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे 85 टक्के लोक मेंथॉलच ओढत असताना, आणि त्यांच्या वस्त्यांत अनेक दशकं मुद्दाम जाहिराती केल्या गेलेल्या असताना. बंदीचा प्रस्ताव 2022 मध्ये आला आणि जानेवारी 2025 मध्ये मागे घेतला गेला. तुमच्या संघटनांचं वजन असतं. जिथे जिथे हा प्रश्न येईल तिथे ते वापरा. पण तुमच्या खोलीतल्या प्रश्नांना कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

तुम्हीच हे का करावं, याला इतिहासात एक कारण आहे. सिगारेट माणसाचं काय करते, हे जगाला सर्वांत खात्रीनं कळलं ते डॉक्टरांकडूनच, आणि तेही स्वतःवरच्या अभ्यासातून. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी 1951 मध्ये ब्रिटिश डॉक्टरांना त्यांच्या धूम्रपानाविषयी प्रश्नावली पाठवली, आणि हजारो डॉक्टरांचा पुढे पन्नास वर्षं मागोवा घेतला गेला. त्यातले अनेक डॉक्टर अभ्यासाचे निकाल वाचून स्वतः सुटले. 2004 मध्ये पन्नास वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला: तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला सुमारे दहा वर्षांचं आयुष्य परत मिळतं, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. साठीतला रुग्ण ‘आता या वयात काय उपयोग?’ असं विचारतो, तेव्हा तीन वर्षं हे उत्तर त्याला द्या. नातवंडांच्या हिशेबात तीन वर्षं किती असतात, हे तो स्वतः मोजतो.

वेळ नसतो, हे मला माहीत आहे. बाहेर रांग असते. म्हणून मागणी लहान ठेवते. ‘ओढता का?’ ला ‘हो’ असं उत्तर आलं, तर कोणती आणि का, उठल्यावर किती वेळात, आणि मागच्या वेळी काय झालं, एवढं विचारून कागदावर त्याच ओळीत लिहा. औषध द्यायचं तर ते कसं वापरायचं हे परिचारिकेला दोन मिनिटं सांगू द्या. सोडायची तारीख रुग्णाकडून ठरवून घ्या आणि ती तुमच्याकडेही नोंदवा. तुमच्याकडे तेवढी माणसं नसतील तर समुपदेशकाकडे पाठवा, पण चिठ्ठीत ‘मेंथॉल’ हा शब्द लिहा, म्हणजे आमचं बोलणं पहिल्याच भेटीत योग्य जागी सुरू होईल. आणि ठरलेल्या तारखेनंतर तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून एक फोन जाऊ द्या. बहुतेकांची पहिली घसरण पहिल्या आठवड्यातच होते. त्या फोनवर खोकल्याची चौकशी करा, आणि तो वाढला असेल तर का वाढला, ते पुन्हा एकदा सांगा.

आपली,
तंबाखू सोडणाऱ्यांसोबत काम करणारी एक समुपदेशक